रुग्णालयात नव्याने रुजू होताना: संसर्ग रोखण्याची पहिली शिकवण

पुण्यातील रुग्णालयांत, नर्सिंग होममध्ये, दवाखान्यांत आणि प्रयोगशाळांत जे नव्याने कामाला लागत आहेत त्यांच्यासाठी हा लेख आहे. नुकत्याच उत्तीर्ण झालेल्या परिचारिका, इंटर्नशिप सुरू करणारे डॉक्टर, तंत्रज्ञ, आणि ज्यांच्या हातून वॉर्ड प्रत्यक्षात स्वच्छ राहतो त्या मावशी आणि मामा, या सर्वांना एकच गोष्ट शिकायची असते. ससूनसारखे मोठे सरकारी रुग्णालय असो, की पेठेतल्या जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर चालणारे दहा खाटांचे नर्सिंग होम असो, जंतू एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाण्याचे मार्ग दोन्हीकडे सारखेच असतात.

दाखल होताना रुग्णाला जो संसर्ग नव्हता आणि जो त्याच्या शरीरात सुप्तावस्थेतही नव्हता, तो दाखल झाल्यानंतर साधारण ४८ तासांनी किंवा त्यापुढे दिसू लागला, तर तो रुग्णालयात जडलेला संसर्ग मानला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे, रुग्णालयात दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी श्रीमंत देशांत ७ जणांना आणि अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना असा किमान एक संसर्ग होतो, आणि संसर्ग झालेल्यांपैकी सरासरी दहातला एक रुग्ण दगावतो. ज्या आजारासाठी माणूस आपल्याकडे आला त्याच्याशी या मृत्यूचा संबंध नसतो, म्हणून तो अधिक जिव्हारी लागतो.

धोका रुग्णालाच असतो असेही नाही. या शहराला ते वेगळे सांगायला नको. प्लेगच्या साथीत हडपसरजवळच्या माळावर रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना तोच आजार जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात झाला, आणि मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले करोनाबाधित रुग्ण याच शहरातल्या नायडू रुग्णालयात दाखल झाले. अशा प्रत्येक साथीत सेवा देणाऱ्यांनी आजार अंगावर घेतला आहे. आज आपल्याजवळ ज्ञान आणि साधने दोन्ही आहेत. मात्र ती योग्य क्षणी आणि योग्य क्रमाने वापरली तरच उपयोगी पडतात. खाटेला हँडरबची (हातांना चोळायच्या जंतुनाशक द्रवाची) बाटली टांगलेली असते, ट्रॉलीवर हातमोज्यांचा खोका असतो, कोपऱ्यात चार रंगांचे डबे असतात आणि तरीही संसर्ग पसरतो, कारण बाटलीला हात लागतो तो एका क्षणाने उशिरा.

पहिली पायरी: मार्ग ओळखणे

पुस्तकात संसर्गाची साखळी सहा कड्यांची दाखवतात: जंतू, त्याचे राहण्याचे ठिकाण, तिथून बाहेर पडण्याची वाट, प्रवासाचे साधन, शरीरात शिरण्याची वाट आणि ज्याला लागण होऊ शकते असा माणूस. ही सहा नावे परीक्षेसाठी पाठ होतात, पण कामावर आल्यावर ती डोळ्यांसमोर दिसायला हवीत. त्यासाठी एक प्रसंग नीट पाहू.

सकाळी सहाची वेळ आहे. रात्रपाळी संपत आली आहे आणि लघवीचे माप चार्टवर लिहायचे आहे. हातमोजे घालून पहिल्या खाटेच्या युरोबॅगचा (लघवी साठवणाऱ्या पिशवीचा) खालचा नळ उघडला, लघवी मापकात घेतली, नळ बंद केला. हातमोजे स्वच्छ दिसत आहेत, म्हणून तेच हात आणि तेच मापक घेऊन दुसऱ्या खाटेकडे गेलो. पहिल्या रुग्णाच्या लघवीत क्लेबसिएला हा जंतू असेल, तर तो आता दुसऱ्या रुग्णाच्या बॅगेच्या नळावर पोहोचला आहे. मध्येच सलाइन संपल्याची हाक आली आणि त्याच हातमोज्यांनी सलाइनचे चाक बंद केले, तर तो तिसऱ्या रुग्णाच्या शिरेपाशी पोहोचला. कोणाला काही दिसले नाही, कोणाचा हेतू वाईट नव्हता, आणि हात तर झाकलेलेच होते. तीन-चार दिवसांनी तिसऱ्या रुग्णाला थंडी वाजून ताप येतो तेव्हा त्या सकाळची आठवण कोणालाही होत नाही.

या प्रसंगात साखळी तोडण्याची जागा स्पष्ट आहे: प्रत्येक रुग्णामागे हातमोजे काढणे, हात स्वच्छ करणे, नवे हातमोजे घालणे आणि प्रत्येकासाठी वेगळे किंवा मध्ये निर्जंतुक केलेले मापक वापरणे. कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी ‘माझ्या हातांनी आत्ता शेवटचा स्पर्श कशाला केला आणि पुढचा कशाला होणार आहे’ हा प्रश्न स्वतःला विचारायची सवय पहिल्या आठवड्यातच लावून घ्यावी.

हात: पाच क्षण आणि तीस सेकंद

व्हिएन्नातल्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांनी १८४७ मध्ये शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त द्रावणात हात धुणे सक्तीचे केले. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेले बाळंतिणींच्या मृत्यूचे प्रमाण काही महिन्यांत २ टक्क्यांच्या आसपास उतरले. त्या वेळी जंतूंची कल्पनाही मान्य झालेली नव्हती. पावणेदोनशे वर्षांनंतरही यापेक्षा स्वस्त आणि परिणामकारक उपाय आपल्याकडे नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याचे पाच क्षण ठरवून दिले आहेत. पहिला, रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी. दुसरा, इंजेक्शन, ड्रेसिंग, कॅथेटर (शरीरात घालायची नळी), सक्शन (नळीने कफ ओढून काढणे) अशा कोणत्याही निर्जंतुक कामाच्या अगदी आधी. तिसरा, रक्त, लघवी, थुंकी, पू यांच्याशी संपर्क आल्यावर किंवा येण्याची शक्यता असलेले काम संपल्यावर. चौथा, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर. पाचवा, रुग्णाला हात न लावता फक्त त्याच्या खाटेला, लॉकरला, मॉनिटरला किंवा सलाइनच्या स्टँडला हात लावल्यानंतर.

यांतला दुसरा क्षण सर्वांत जास्त चुकतो, आणि तो का चुकतो हे समजून घेण्यासारखे आहे. इंट्राकॅथ (शिरेत ठेवायची बारीक नळी) लावताना परिचारिकेने खाटेशी येताच हात स्वच्छ केलेले असतात. मग ती पडदा ओढते, रुग्णाची बाही वर सरकवते, खाटेची उंची बदलते, खिशात वाजणारा फोन बंद करते, टुर्निके (दंडाला आवळायचा पट्टा) बांधते आणि शीर चाचपते. सुई हातात घेईपर्यंत तिचे हात पडद्याला, खाटेला आणि फोनला लागून गेलेले असतात. म्हणून क्रम असा ठेवावा: सर्व तयारी आधी, शीर निवडणे आधी, त्यानंतर हात स्वच्छ करणे आणि हातमोजे घालणे, मग त्या जागी जंतुनाशक लावून ते पूर्ण वाळू देणे, आणि त्यानंतर त्या जागेला पुन्हा बोट न लावता सुई घालणे. जंतुनाशक ओले असतानाच सुई घातली तर त्याचे काम अर्धवट राहते. फुंकर मारून ते वाळवणे तर कटाक्षाने टाळावे.

हात दिसण्यात स्वच्छ असतील तर अल्कोहोलयुक्त हँडरब पुरेसा असतो, आणि तो साबणापेक्षा लवकर व चांगले काम करतो. दोन्ही हातांचा सगळा पृष्ठभाग ओला होईल इतका तळहातावर घेऊन २० ते ३० सेकंद चोळावा: तळहात, हातांची मागची बाजू, बोटांमधल्या बेचक्या, वळवलेल्या बोटांची पाठ, दोन्ही अंगठे आणि शेवटी बोटांची टोके. अंगठे आणि बोटांची टोके नेमकी राहून जातात, आणि रुग्णाला सर्वाधिक स्पर्श त्यांचाच होतो. हँडरब आपोआप वाळला पाहिजे. तो पुसायचा नसतो. हात मळलेले असतील, रक्त लागलेले असेल, स्वच्छतागृहातून आलो असू, किंवा रुग्णाला क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिलमुळे होणारे जुलाब असतील, तर साबण आणि वाहते पाणीच वापरावे, कारण या जंतूच्या बीजाणूंवर अल्कोहोलचा परिणाम होत नाही. साबणाने धुण्याची पूर्ण क्रिया ४० ते ६० सेकंदांची आहे. हात पुसायला एकदा वापरून टाकायचा कागदी रुमाल असावा. बेसिनजवळ दिवसभर टांगलेला एकच ओला नॅपकिन सगळ्यांनी वापरला, तर धुतलेले हात पुन्हा दूषित होतात. छोट्या दवाखान्यात कागद परवडत नसेल, तर लहान कापडी रुमालांची चळत ठेवावी आणि एकदा वापरलेला रुमाल थेट धुण्याच्या बादलीत टाकावा.

कामावर असताना कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत काहीही असू नये. घड्याळ, अंगठी, दोरा, ब्रेसलेट यांच्याखाली जंतू टिकून राहतात आणि हँडरब तिथे पोहोचत नाही. बांगड्यांचा विषय नाजूक असतो हे मला माहीत आहे. वरिष्ठांनी तो चारचौघांत फटकारून न काढता रुजू होण्याच्या दिवशीच शांतपणे समजावून सांगावा, म्हणजे कोणाचाही मान दुखावत नाही. नखे आखूड हवीत, आणि नेलपॉलिश व कृत्रिम नखे नकोत.

हातमोजे, मास्क, गाऊन

हातमोज्यांबद्दलचा गैरसमज आधी दूर करावा. त्यांना सूक्ष्म छिद्रे असू शकतात, आणि काढताना हात दूषित होतात. म्हणून ते घालण्याआधीही आणि काढल्यानंतरही हात स्वच्छ करायचे असतात. हातमोज्यांवर हँडरब चोळून तेच पुढच्या रुग्णासाठी वापरणे चूक आहे. रक्तदाब मोजणे, ताप बघणे, रुग्णाला चालवत नेणे यांसाठी साधारणपणे हातमोज्यांची गरज नसते. हातमोजे घालून फोन उचलणे, संगणकावर नोंद करणे किंवा लिफ्टचे बटण दाबणे म्हणजे वॉर्डातले जंतू वॉर्डाबाहेर नेणे होय.

काय घालायचे हे रुग्णाच्या निदानावर नव्हे, तर हातातल्या कामावर ठरवावे. रक्त किंवा स्राव अंगावर उडण्याची शक्यता असेल तर गाऊन, मास्क आणि डोळ्यांचे संरक्षण. कोणाच्या रक्तात काय आहे हे चेहऱ्यावरून कळत नाही, त्यामुळे प्रत्येकाचे रक्त संसर्गजन्य आहे असे धरून सगळ्यांसाठी सारखीच काळजी घ्यायची असते. याने रुग्णांत भेदभाव होत नाही, हाही मोठा लाभ आहे. एचआयव्ही असलेल्या रुग्णाच्या खाटेवर लाल पाटी लावण्याची पद्धत अजून कुठे दिसली तर ती थांबवायलाच हवी.

घालण्याचा क्रम: गाऊन, मास्क, चष्मा, हातमोजे. काढण्याचा क्रम: हातमोजे, चष्मा, गाऊन आणि सर्वांत शेवटी मास्क. काढताना प्रत्येक टप्प्यावर, आणि मास्क काढल्यावर पुन्हा, हात स्वच्छ करावेत. स्वतःला लागण होण्याचा धोका घालताना नसून काढताना असतो, म्हणून दमून आलो असलो तरी इथे घाई करू नये.

खोकला आणि हवा

काही आजारांत नेहमीच्या काळजीवर आणखी काळजी लागते. जुलाब, पुवाळलेली जखम किंवा औषधांना न जुमानणारे जंतू असतील तर स्पर्शातून होणारा प्रसार थांबवावा लागतो: शक्य तर वेगळी खोली, आणि स्टेथोस्कोप, थर्मामीटर, रक्तदाबाचा पट्टा त्या रुग्णासाठी स्वतंत्र. फ्लू, घटसर्प, डांग्या खोकला यांत थेंबांतून प्रसार होतो. तिथे मास्क आणि खाटांमध्ये किमान १ मीटर अंतर हवे. क्षय, गोवर आणि कांजिण्या हवेतून पसरतात. त्यांच्यासाठी दार बंद असलेली, हवा थेट बाहेर जाणारी खोली आणि आत जाणाऱ्यांसाठी एन-९५ मास्क लागतो. हा मास्क चेहऱ्याला सर्व बाजूंनी घट्ट बसला नाही तर कडेने हवा आत येते; दाढी असेल तर तो नीट बसत नाही.

बाह्यरुग्ण विभागात नव्याने काम करणाऱ्याने एवढे तरी रोज करावे: रांगेत दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेला माणूस दिसला, तर त्याला मास्क द्यावा, उघड्या खिडकीजवळ वेगळे बसवावे आणि इतरांच्या आधी तपासणीला घ्यावे. पुण्यातल्या जुन्या दगडी इमारतींतल्या उंच छताच्या, समोरासमोर खिडक्या असलेल्या खोल्या या बाबतीत फार चांगल्या आहेत. याउलट, अलीकडच्या काचबंद गाळ्यांतल्या दवाखान्यांत भिंतीवरचा एसी तीच हवा खोलीत फिरवत राहतो. तिथे दिवसातून अनेकदा खिडकी उघडणे आणि हवा बाहेर फेकणारा पंखा बसवणे हा स्वस्त उपाय आहे.

सुई

वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण बसवायचे नाही, सुई वाकवायची नाही, हाताने सिरिंजपासून ओढायची नाही, आणि दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. हे नियम सगळ्यांना ठाऊक असतात. तरीही सुई टोचते, कारण हब कटर (वापरलेली सुई कापणारे साधन) वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला नर्सिंग स्टेशनवर असतो आणि मध्यरात्री रक्त घेतल्यावर परिचारिकेला उघडी सुई हातात धरून अर्धा वॉर्ड चालावे लागते. अशा वेळी टोपण बसवणे तिला सुरक्षित वाटते. म्हणून काम सुरू करण्याआधी हब कटर आणि सुया टाकायचा पांढरा डबा ट्रॉलीवर ठेवून तो खाटेपर्यंत सोबत नेणे, हा नियमाचा खरा अर्थ आहे. डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद करावा. वरून दाबून आणखी जागा करण्याच्या प्रयत्नात अनेकांना सुई टोचलेली आहे, आणि त्यांत सफाईचे काम करणारे जास्त असतात.

सुई टोचलीच तर घाबरून बोट पिळू नये, तोंडात घालू नये, त्यावर स्पिरिट किंवा ब्लीच ओतू नये. ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी. डोळ्यात रक्त उडाले असेल तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा. लगेच प्रभारी सिस्टरांना आणि ड्युटीवरच्या डॉक्टरांना सांगावे. कामाची पाळी संपेपर्यंत थांबू नये, कारण एचआयव्हीचा प्रतिबंधक औषधोपचार शक्य तितक्या लवकर, शक्यतो दोन तासांच्या आत सुरू करायचा असतो आणि ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही. ही औषधे सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात आणि ती २८ दिवस न चुकता घ्यायची असतात. ज्याची सुई टोचली त्या रुग्णाची तपासणी संमतीने करावी, आणि स्वतःची पहिली तपासणी त्याच दिवशी करून घ्यावी.

धोका किती, हेही कळायला हवे. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचल्यास लागण होण्याची शक्यता हजारात सुमारे तीन असते. हिपॅटायटिस बीच्या बाबतीत मात्र, लस न घेतलेल्या माणसाला ती ६ ते ३० टक्के इतकी मोठी असते. भीती बहुतेकांना एचआयव्हीची वाटते, पण लसीने टाळता येणारा आणि कितीतरी जास्त संभव असलेला आजार दुसराच आहे.

इंजेक्शनबद्दल आणखी एक. एका सुईने, एका सिरिंजने, एकाच रुग्णाला, एकदाच. अनेक मात्रांच्या औषधाच्या बाटलीच्या रबरी झाकणात सुई खोचून ठेवायची आणि दर वेळी फक्त सिरिंज जोडून औषध काढायचे, ही सोय अजूनही काही दवाखान्यांत दिसते. त्या सुईतून जंतूंना बाटलीत शिरण्यासाठी कायमची वाट उघडी राहते. दर वेळी झाकण अल्कोहोलने पुसून, वाळू देऊन, नव्या निर्जंतुक सुईने औषध काढावे. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी, आणि कंपनीने वेगळे सांगितले नसेल तर २८ दिवसांनंतर ती वापरू नये.

चार रंग

जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम २०१६ पासून देशभर लागू आहेत. रक्ताने भिजलेला कापूस, ड्रेसिंग, शरीराचे भाग, मुदत संपलेली औषधे पिवळ्या पिशवीत. सलाइनची नळी व प्लॅस्टिकची बाटली, कॅथेटर, युरोबॅग, सुई काढलेली सिरिंज, हातमोजे लाल पिशवीत. सुया, ब्लेड आणि इतर धारदार धातू पांढऱ्या, टोचून फाटणार नाही अशा डब्यात. काचेच्या ॲम्प्यूल, बाटल्या आणि धातूचे इम्प्लांट (शरीरात बसवायचे भाग) निळ्या खुणेच्या खोक्यात. डब्याचे वेष्टन, जेवणाचे उरलेले, कागद हा सर्वसाधारण कचरा असून तो महापालिकेच्या ओल्या-सुक्या वर्गीकरणात जातो. वेगळे करण्याचे काम कचरा निर्माण होतो त्याच जागी, त्याच हाताने व्हायला हवे. एकदा मिसळलेला कचरा नंतर कोणालाही वेगळा करायला लावू नये. उपचार न केलेला कचरा ४८ तासांहून अधिक काळ साठवता येत नाही.

फरशी, हायपो आणि पावसाळा

वॉर्डात कोरडा झाडू मारू नये, कारण खाली बसलेली धूळ जंतूंसह हवेत उडते आणि उघड्या जखमांवर बसते. ओलसर मॉपने, स्वच्छ भागाकडून अस्वच्छ भागाकडे आणि वरून खाली अशा क्रमाने पुसावे. एक बादली डिटर्जंटची, एक साध्या पाण्याची, एक जंतुनाशकाची अशी तीन बादल्यांची पद्धत चांगली, मात्र पाणी गढूळ झाले की बदलावे लागते. फिनाइलचा वास सुटला म्हणजे वॉर्ड स्वच्छ झाला, ही समजूत सोडून द्यावी. फरशीपेक्षा खाटेचे कठडे, लॉकरची मूठ, दिव्याचे बटण, मॉनिटर आणि दाराची कडी यांना जास्त हात लागतात, आणि नेमक्या याच जागा पुसायच्या राहतात.

रक्त सांडले तर १ टक्का हायपोक्लोराइट (क्लोरीनयुक्त जंतुनाशक, बोलण्यात ‘हायपो’) लागते. बाजारात मिळणारे द्रावण ५ टक्क्यांचे असेल तर एक भाग हायपो आणि चार भाग पाणी. १० टक्क्यांचे असेल तर एक भाग हायपो आणि नऊ भाग पाणी. हे द्रावण रोज ताजे करावे, कारण उन्हाने आणि वेळेने त्यातला क्लोरीन कमी होतो. हातमोजे घालून सांडलेल्या रक्तावर शोषून घेणारा कागद किंवा कापड टाकावे, त्यावर बाहेरून आत असे हायपो ओतावे, किमान १० मिनिटे थांबावे (आपल्या रुग्णालयाच्या नियमात अधिक वेळ असेल तर तेवढा), मग सारे पिवळ्या पिशवीत टाकून जागा पुन्हा पुसावी. काच फुटलेली असेल तर ती हाताने न उचलता चिमट्याने घ्यावी. लघवीवर थेट हायपो ओतू नये, आणि शौचालय साफ करण्याच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळू नये. दोन्ही वेळी क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात त्याने जीव गुदमरतो.

जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या जुन्या इमारतींच्या भिंतींना ओल येते. बुरशीचे डाग, गळणारे छत, न वाळलेल्या चादरी यांची नोंद करून ती दुरुस्त होईपर्यंत पाठपुरावा करणे हेही संसर्ग नियंत्रणाचे काम आहे. तसेच रुग्णालयात किंवा शेजारी बांधकाम सुरू असेल, तर धुळीबरोबर ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू येतात. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी कमी केली आहे अशा रुग्णांची खोली त्या बाजूला नको आणि मध्ये धूळ अडवणारा पडदा हवा.

उपकरणे

शरीराच्या निर्जंतुक भागात जाणारे उपकरण पूर्ण निर्जंतुकच हवे; तोंड, घसा, आतडे यांच्या ओल्या अस्तराला लागणाऱ्या उपकरणांसाठी किमान उच्च दर्जाची जंतुनाशक प्रक्रिया हवी; आणि फक्त अखंड त्वचेला लागणारे उपकरण धुऊन-पुसून चालते. अमेरिकी शास्त्रज्ञ स्पॉल्डिंग यांनी केलेली ही विभागणी आजही जगभर वापरली जाते. कोणत्याही पद्धतीआधी उपकरण ब्रशने, सांधे उघडून, डिटर्जंटने धुतलेले असले पाहिजे. वाळलेल्या रक्ताच्या थराखालचे जंतू ऑटोक्लेव्हमधूनही (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातूनही) जिवंत निघू शकतात. साध्या ऑटोक्लेव्हमध्ये वेष्टनात बांधलेल्या साहित्याला १२१ अंश सेल्सियस आणि १५ पाउंड दाबावर ३० मिनिटे द्यावीत, आणि ड्रम गच्च भरू नये, कारण वाफेला आत फिरायला जागा लागते. गठ्ठ्यावरच्या टेपवर काळ्या रेघा उमटल्या म्हणजे गठ्ठा उष्णतेतून गेला इतकेच समजते. जंतू खरोखर मेले की नाही हे जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसच्या बीजाणूंची चाचणी नियमित घेऊनच कळते. बाहेर काढलेला गठ्ठा ओला असेल तर तो निर्जंतुक धरू नये.

शरीरात घातलेल्या नळ्यांबाबत एकच प्रश्न रोज राउंडला विचारावा: याची आज गरज आहे का? लघवीचा कॅथेटर, मध्यवर्ती शिरेतली नळी आणि व्हेंटिलेटर यांचा प्रत्येक जादा दिवस धोका वाढवतो. युरोबॅग नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली पण जमिनीला न टेकता असावी, आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली असावी.

नातेवाईक आणि वरिष्ठ

आपल्याकडे रुग्णाबरोबर घरचे माणूस असतेच. डबा येतो, खाटेच्या कडेला बसून जेवण भरवले जाते, शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनाही पाणी दिले जाते. या मायेला नियमाचा बडगा दाखवला तर माणसे लपून तेच करतात. “काका, आत येण्याआधी हातावर हे दोन थेंब घ्या, आणि ताईंना भरवून झालं की पुन्हा घ्या,” असे सांगितले आणि स्वतः करून दाखवले, तर बहुतेक जण ऐकतात. खाटेवर बसू नये, ड्रेसिंगला हात लावू नये, युरोबॅग स्वतः उचलू नये, आणि घरी सर्दी-खोकला झालेल्याने भेटायला येऊ नये, या चार गोष्टी दाखल होतानाच सांगाव्यात.

वरिष्ठांना आठवण करून देणे नव्या माणसाला अवघड जाते. राउंडला आलेले सर एका रुग्णाची जखम बघून थेट दुसऱ्या रुग्णाकडे वळले, तर काही न बोलता हँडरबची बाटली त्यांच्यापुढे धरावी. समजूतदार वरिष्ठ ती घेतात आणि पुढच्या वेळी स्वतः मागतात. मावशी-मामांनाही असेच वागवावे: त्यांचे प्रशिक्षण सर्वांत शेवटी ठेवू नये, कारण वॉर्डातल्या प्रत्येक खाटेला आणि प्रत्येक डब्याला त्यांचाच हात लागतो.

स्वतःचे लसीकरण

रुजू होण्याच्या आठवड्यातच हिपॅटायटिस बीच्या लसीची चौकशी करावी. पहिला डोस, एक महिन्याने दुसरा, आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. तिसऱ्यानंतर एक ते दोन महिन्यांनी रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी करावी. प्रमाण १० एकके (mIU/mL) किंवा त्याहून अधिक आले तर संरक्षण तयार झाले असे मानतात, कमी आले तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा डोस घ्यावे लागतात. फ्लूची लस दरवर्षी, शक्यतो पावसाळ्यापूर्वी घ्यावी. गोवर आणि कांजिण्या लहानपणी झाल्या होत्या का, किंवा लस घेतली होती का, हे आईवडिलांना विचारून लिहून ठेवावे. ताप, जुलाब किंवा हातावर पुवाळलेली जखम असेल तर ते प्रभारींना सांगून रुग्णांपासून दूर राहावे. आजारी असताना कामावर येणे हे कर्तव्य नव्हे. तपासणीच्या अहवालाची एक प्रत घरी आणि एक कर्मचारी आरोग्य नोंदीत ठेवावी, म्हणजे कधी सुई टोचली तर उपचार ठरवणाऱ्या डॉक्टरांना तो आकडा त्याच तासात मिळेल.